व्हीएमच्या डिस्क इमेजचं एन्क्रिप्शन मजबूत करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) म्हणजे एका यंत्रात सॉफ्टवेअरने चालवलेला दुसरा संगणक. तिची डिस्क म्हणजे होस्टवरची, म्हणजे ती चालवणाऱ्या यंत्रावरची, एक फाइल, हीच डिस्क इमेज. ती बॅकअपमध्ये जाते, दुसऱ्या सर्व्हरवर हलते, चाचणीसाठी कुणाला तरी दिली जाते आणि कित्येकदा कुठल्यातरी फोल्डरमध्ये विसरलीही जाते. खरीखुरी डिस्क चोरायची तर सर्व्हर रूममध्ये शिरावं लागतं. इमेज एका कॉपी कमांडमध्ये चोरीला जाते, आणि मूळ फाइल जागेवरच असल्यामुळे चोरी झाल्याचं कळतही नाही. म्हणून खालच्या जवळजवळ सगळ्या उत्तरांमागे एकच आग्रह आहे: एन्क्रिप्शन इमेजच्या प्रत्येक प्रतीबरोबर गेलं पाहिजे आणि किल्ली एकाही प्रतीबरोबर जाता कामा नये.

उदाहरणं मुख्यतः लिनक्सवरच्या क्यूएमू-केव्हीएम (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) आणि लिबव्हर्ट (त्या व्हीएम सांभाळणारं साधन) यांची आहेत. व्हर्च्युअलबॉक्स आणि व्हीएमवेअरबद्दलचे प्रश्न पुढे वेगळे घेतले आहेत.

होस्टची अख्खी डिस्क आधीच एन्क्रिप्टेड आहे. मग इमेज वेगळी एन्क्रिप्ट कशाला करायची?

होस्टची डिस्क एन्क्रिप्ट केल्यामुळे बंद पडलेलं किंवा चोरीला गेलेलं यंत्र सुरक्षित राहतं. ते काम मोलाचं आहे, ते काढू नका. पण होस्ट सुरू झाला की त्यावरच्या सगळ्या फाइली वाचणाऱ्याला उघड्याच दिसतात. बॅकअपचा प्रोग्रॅम इमेज उचलतो तेव्हा त्याच्या हाती साधा, वाचता येण्याजोगा डेटा येतो आणि तो तसाच बॅकअप सर्व्हरवर जाऊन पडतो. नेटवर्क स्टोरेजवर ठेवलेल्या इमेजला तर होस्टच्या डिस्क एन्क्रिप्शनचा स्पर्शही होत नाही.

इमेजच एन्क्रिप्टेड असेल तर तिची प्रत कुठेही गेली तरी पासफ्रेजशिवाय, म्हणजे लांब पासवर्डाशिवाय, निरुपयोगी असते. होस्ट आणि इमेज, दोन्ही थर ठेवणं उत्तम. एकच परवडत असेल आणि इमेज यंत्राबाहेर जात असेल, तर मी इमेजचा थर निवडेन.

आमच्या जुन्या क्यूकाऊ-२ (क्यूएमूचा डिस्क-फॉरमॅट) इमेजवर एन्क्रिप्शन आहेच. ते पुरेसं नाही का?

ते 'ल्यूक्स' (लिनक्सवरची डिस्क एन्क्रिप्शनची प्रमाण पद्धत) प्रकारचं नसून जुनं, फॉरमॅटमध्येच बसवलेलं एईएस (सर्वत्र वापरलं जाणारं सायफर) असेल, तर अजिबात पुरेसं नाही. या प्रश्नाला थोडं सविस्तर उत्तर द्यायला हवं, कारण 'एन्क्रिप्टेड: होय' एवढं पाहून लोक निश्चिंत होतात.

त्या जुन्या पद्धतीत तुम्ही दिलेला पासवर्ड हीच थेट एईएसची किल्ली असायची. मध्ये पासवर्ड घोटून त्यापासून किल्ली काढणारी कुठलीही प्रक्रिया नव्हती. किल्ली १२८ बिटांची, म्हणजे १६ बाइटची. पासवर्ड त्याहून लांब असेल तर पुढचा भाग वापरलाच जात नसे, आणि छोटा असेल तर उरलेली जागा शून्यांनी भरली जाई. आठ अक्षरांचा पासवर्ड असेल तर १२८ बिटांपैकी निम्मे बिट हल्लेखोराला आधीच ठाऊक असतात. उरलेले निम्मेही माणसाने निवडलेले, म्हणजे अंदाज बांधता येण्याजोगे. एकेक अंदाज पडताळायला यंत्राला जवळजवळ काहीच कष्ट पडत नाहीत.

दुसरा दोष सीबीसी पद्धतीचा, म्हणजे एकेक तुकडा आधीच्या तुकड्याशी जोडत एन्क्रिप्ट करण्याच्या रीतीचा. प्रत्येक सेक्टरसाठीचं (डिस्कच्या छोट्या तुकड्यासाठीचं) आरंभिक मूल्य सेक्टरच्या क्रमांकावरूनच ठरत होतं, म्हणजे ते कुणालाही आधीच सांगता येत होतं. त्यामुळे खास रचलेली फाइल गेस्टच्या, म्हणजे व्हीएमच्या आतल्या सिस्टीमच्या, डिस्कवर पोचवणाऱ्याला, ती तिथे आहे की नाही हे एन्क्रिप्टेड इमेज पाहूनच ओळखता येतं, पासवर्ड लागतच नाही.

तिसरी अडचण रोजच्या व्यवहारातली: पासवर्ड फुटला तर बदलायची सोयच नव्हती. नवी इमेज करून सगळा डेटा तिच्यात ओतणं हाच एक मार्ग होता.

म्हणूनच क्यूएमूने ही पद्धत मोडीत काढली. आता व्हीएम चालवताना ती स्वीकारलीच जात नाही. जुना डेटा बाहेर काढता यावा एवढ्यापुरती ती 'क्यूएमू-आयएमजी'सारख्या साधनांमध्ये शिल्लक आहे. तिच्या जागी २०१६ मध्ये क्यूएमू २.६ आवृत्तीत स्वतंत्र ल्यूक्स ड्रायव्हर आला आणि २०१७ मध्ये २.१० आवृत्तीत क्यूकाऊ-२ फाइलच्या आतच ल्यूक्स वापरायची सोय झाली. तुमची इमेज त्याआधीची असेल तर आधी तीच तपासा.

ल्यूक्स वेगळं काय करतं?

ते दोन किल्ल्या वापरतं. डेटा एन्क्रिप्ट होतो तो यंत्राने यादृच्छिकपणे बनवलेल्या मुख्य किल्लीने. ही मुख्य किल्ली तुमच्या पासफ्रेजपासून काढलेल्या दुसऱ्या किल्लीने झाकून फाइलच्या हेडरमध्ये, म्हणजे माहितीच्या वेगळ्या भागात, ठेवलेली असते. पासफ्रेजपासून किल्ली काढण्याचं काम मुद्दाम महाग केलेलं असतं. क्यूएमू साधारण दोन सेकंद लागतील एवढ्या फेऱ्या ठरवतं. तुम्हाला व्हीएम सुरू करताना दोन सेकंद जातात, पण अंदाज लढवणाऱ्याला प्रत्येक अंदाजामागे तेवढंच गणित करावं लागतं.

ल्यूक्सच्या पहिल्या आवृत्तीत आठ स्लॉट असतात, म्हणजे एकच मुख्य किल्ली आठ वेगवेगळ्या पासफ्रेजनी झाकून ठेवता येते. पासफ्रेज बदलायचा तर एका स्लॉटमधला मजकूर बदलतो, शेकडो जीबी डेटाला हात लावावा लागत नाही.

इथे एक मर्यादा लक्षात असू द्या. क्यूएमूला ल्यूक्सची फक्त पहिली आवृत्ती कळते. दुसऱ्या आवृत्तीत पासफ्रेज घोटण्यासाठी 'आर्गॉन-२' वापरता येतं, आणि त्याला भरपूर मेमरी लागत असल्यामुळे ग्राफिक्स कार्डांच्या ताफ्यावर अंदाज लढवणं अवघड होतं. पहिल्या आवृत्तीत 'पीबीकेडीएफ-२' आहे. ते अशा ताफ्यापुढे तेवढं चिवट नाही, त्यामुळे क्यूएमूच्या इमेजसाठी पासफ्रेजच भक्कम ठेवावा लागतो.

एईएस-१२८ घ्यावं की एईएस-२५६?

२५६ घ्या, क्यूएमूत तेच मूळ सेटिंग आहे. पण १२८ बिटांच्या एईएसमुळे इमेज फुटली असं होत नाही. ती फुटते कमकुवत पासफ्रेजमुळे किंवा सांडलेल्या किल्लीमुळे. काही ठिकाणी किल्लीची लांबी ५१२ बिट दिसते, तेव्हा गोंधळू नका. एक्सटीएस या डिस्क एन्क्रिप्शनच्या पद्धतीत दोन किल्ल्या लागतात, त्यामुळे ५१२ म्हणजे एईएस-२५६ आणि २५६ म्हणजे एईएस-१२८.

एक्सटीएस वापरलं की काम झालं ना?

जुन्या सीबीसीचे दोष जातात. एक्सटीएस ही डिस्कसाठीच आखलेली पद्धत आहे. आयईईई १६१९ या मानकात ती २००७ मध्ये आली आणि अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१० मध्ये तिला मान्यता दिली. पण ती काय करत नाही हे माहीत असणं व्हीएम चालवणाऱ्यांसाठी जास्त महत्त्वाचं आहे.

एक्सटीएस ठरावीक आहे. तीच किल्ली, तोच सेक्टर, तोच मजकूर असेल तर दरवेळी तेच बाइट बाहेर पडतात. लॅपटॉप चोरणाऱ्याच्या हाती डिस्कचं एकच चित्र लागतं, त्यामुळे तिथे याने फारसं बिघडत नाही. व्हीएमचं तसं नाही. रोज रात्री इमेजचा बॅकअप होत असेल, तर बॅकअप सर्व्हरवर पोचलेल्या माणसाकडे एकाच डिस्कची तीस रात्रींची तीस चित्रं असतात. ती एकमेकांशेजारी ठेवली की १६-१६ बाइटचे कुठले तुकडे कधी बदलले आणि कुठले पुन्हा पूर्वीसारखे झाले, हे त्याला दिसतं. मजकूर वाचता येत नाही, पण डेटाबेसच्या कुठल्या भागात रोज हालचाल आहे याचा अंदाज येतो. यावर सोपा तोडगा म्हणजे बॅकअपवर बॅकअपचं स्वतःचं, वेगळ्या किल्लीचं एन्क्रिप्शन चढवणं.

क्यूकाऊ-२ मधल्या ल्यूक्समध्ये एक चांगली गोष्ट केलेली आहे. तिथे सेक्टरचा क्रमांक गेस्टला दिसतो तो न घेता, फाइलमध्ये डेटा प्रत्यक्ष जिथे पडतो तिथला घेतात. त्यामुळे अंतर्गत स्नॅपशॉटनंतर (इमेजच्या आतच टिपलेल्या त्या क्षणाच्या स्थितीनंतर) बदललेला क्लस्टर, म्हणजे डेटाचा गठ्ठा, नव्या जागी जातो आणि वेगळ्या क्रमांकाने एन्क्रिप्ट होतो. जागच्या जागी पुन्हा लिहिलेल्या क्लस्टरला मात्र याचा उपयोग नाही.

आणखी एक उणीव अशी की एक्सटीएस डेटाची सचोटी तपासत नाही. इमेजवर लिहू शकणाऱ्या माणसाने काही बाइट बदलले, तर त्या जागी गेस्टला निरर्थक मजकूर मिळतो, पण कुणीतरी छेडछाड केल्याची सूचना मिळत नाही. त्याने जुन्या प्रतीतले सेक्टर त्याच जागी परत टाकले तर ते बिनबोभाट उघडतात. एखादी सुरक्षा दुरुस्ती लागण्याआधीची फाइल अशी परत आणता येऊ शकते. स्टोरेजवर लिहिण्याचा हक्क कुणाकुणाला आहे, हे म्हणून तपासायलाच हवं.

आम्ही एक एन्क्रिप्टेड टेम्प्लेट (नमुना इमेज) बनवतो आणि त्याच्या प्रती करून व्हीएम उभी करतो. चालेल ना?

चालणार नाही. हा या विषयातला सर्वांत दुर्लक्षित धोका आहे असं मला वाटतं.

फाइलची प्रत केली की हेडरची प्रत होते, आणि त्याबरोबर मुख्य किल्लीही तीच राहते. पन्नास प्रती केल्या आणि प्रत्येकीला वेगळा पासफ्रेज दिला, तरी आत डेटा झाकणारी किल्ली पन्नासही ठिकाणी एकच असते. त्यातल्या एका व्हीएमचा पासफ्रेज ज्याला कायदेशीररीत्या माहीत आहे, तो तिच्या हेडरमधून मुख्य किल्ली काढून उरलेल्या एकोणपन्नास इमेज उघडू शकतो. शिवाय एक्सटीएस ठरावीक असल्यामुळे किल्ली नसलेल्यालाही या इमेजमध्ये कुठे सारखेपणा आहे आणि कुठे फरक पडला आहे हे बाहेरूनच दिसतं.

टेम्प्लेट साधा ठेवा, त्यात गुपित काहीही ठेवू नका, आणि प्रत्येक व्हीएम बनवताना त्यातून नव्या एन्क्रिप्टेड इमेजमध्ये 'कन्व्हर्ट' करा. प्रत्येक वेळी नवी मुख्य किल्ली तयार होते. कॉपीपेक्षा यात काही मिनिटं जास्त जातात, ती जाऊ द्यात.

बॅकिंग फाइलवर एन्क्रिप्टेड ओव्हरले ठेवला तर?

बॅकिंग फाइल म्हणजे खालची मूळ इमेज आणि ओव्हरले म्हणजे तिच्यावरचे बदल साठवणारी इमेज. एन्क्रिप्शन थराथराने लागतं. ओव्हरले एन्क्रिप्टेड असला तरी खालची साधी बॅकिंग फाइल साधीच राहते. नव्याने लिहिलेला डेटा झाकला जातो, आधीचा उघडा राहतो. खाली फक्त ऑपरेटिंग सिस्टीमची सार्वजनिक प्रत असेल तर हरकत नाही. खाली सहा महिन्यांचा डेटा असलेली डिस्क असेल आणि आज तिच्यावर एन्क्रिप्टेड ओव्हरले चढवला असेल, तर जे झाकायचं होतं ते तसंच उघडं पडलेलं आहे.

जुनी इमेज नव्या एन्क्रिप्शनमध्ये कशी न्यायची?

व्हीएम पूर्ण बंद करा. नुसती थांबवून किंवा सस्पेंड करून भागत नाही. चालू व्हीएमची इमेज 'कन्व्हर्ट' केली तर हाती अर्धवट डेटा येतो.

पासफ्रेज एका फाइलमध्ये ठेवा. ती फाइल फक्त तुम्हालाच वाचता येईल अशी आणि शक्यतो मेमरीतल्या तात्पुरत्या फाइल सिस्टीमवर असावी. पासफ्रेज थेट कमांडमध्ये टाइप करू नका. तो शेलच्या इतिहासात राहतो आणि कमांड चालू असताना प्रोसेसच्या यादीत यंत्रावरच्या इतरांनाही दिसू शकतो. फाइलच्या शेवटी नकळत नवी ओळ पडली नाही ना, हेही पाहा. ते एक जादा अक्षर पासफ्रेजचाच भाग धरलं जातं, आणि मग हाताने टाइप केलेला बरोबर पासफ्रेजसुद्धा नाकारला जातो.

त्यानंतर 'क्यूएमू-आयएमजी'च्या 'कन्व्हर्ट' कमांडला ही फाइल 'सीक्रेट ऑब्जेक्ट' (पासफ्रेज सोपवण्याची सोय) म्हणून द्या आणि नव्या इमेजचा एन्क्रिप्शन फॉरमॅट ल्यूक्स सांगा. मूळ इमेज जुन्या एईएसची असेल तर तिच्यासाठीही वेगळा सीक्रेट द्यावा लागतो. 'कन्व्हर्ट' बॅकिंग फाइलींची साखळी सपाट करून एकच इमेज बनवतं, त्यामुळे जागा जास्त लागेल. जुन्या इमेजमधले अंतर्गत स्नॅपशॉट नव्या इमेजमध्ये येत नाहीत. ते हवे असतील तर आधी वेगळे काढून घ्या.

मग 'कम्पेअर' कमांडने दोन्ही इमेजमधला मजकूर पडताळा. लिबव्हर्टमध्ये नवा सीक्रेट नोंदवून व्हीएमच्या वर्णनात डिस्कला जोडा आणि व्हीएम नव्या इमेजवर सुरू करून पाहा. हे सगळं नीट होईपर्यंत जुनी इमेज हलवू नका.

नंतर जुनी साधी इमेज डिलीट केली की संपलं?

दुर्दैवाने नाही. डिलीट केल्याने फक्त नोंद जाते. चुंबकीय डिस्कवर साध्या फाइल सिस्टीममध्ये वरून पुन्हा लिहून डेटा पुसता येतो. एसएसडी मात्र झीज समान वाटण्यासाठी नवं लेखन दुसरीकडेच करते, त्यामुळे तिथे 'श्रेड'सारख्या साधनांवर भरवसा ठेवता येत नाही. बदल नव्या जागी लिहिणाऱ्या बीटीआरएफएस, झेडएफएस यांसारख्या फाइल सिस्टीमवरही तेच. आणि इमेज आतापर्यंत ज्या बॅकअपमध्ये गेली, त्या सगळ्यांत ती उघडीच आहे.

होस्टची डिस्क सुरुवातीपासून एन्क्रिप्टेड असेल तर या उरलेल्या तुकड्यांची काळजी बरीच हलकी होते. दोन थर ठेवा असं वर म्हटलं, त्याचं हे आणखी एक कारण. जुन्या बॅकअपची यादी करून ते ठरवून नष्ट करणं कंटाळवाणं आहे, पण ते टाळलं तर बाकीचे कष्ट अर्ध्यावर सोडल्यासारखे होतील.

पासफ्रेज कसा असावा? मराठीत ठेवला तर चालेल का?

माणसाने लक्षात ठेवायचा असेल तर फासे टाकून निवडलेल्या शब्दांचा ठेवा. 'डाइसवेअर' पद्धतीच्या यादीत ७,७७६ शब्द असतात, त्यामुळे प्रत्येक शब्दामागे सुमारे १२.९ बिटांची अनिश्चितता मिळते. सहा शब्दांत साधारण ७७ बिट, सात शब्दांत ९०. शब्द फाशांनीच निवडले पाहिजेत. स्वतः सुचलेले 'यादृच्छिक' शब्द तसे नसतात, आणि आवडत्या कवितेची ओळ तर मुळीच नाही. पासफ्रेज यंत्रानेच द्यायचा असेल तर ३२ यादृच्छिक बाइट तयार करा आणि लक्षात ठेवायचा प्रश्नच मिटवा.

देवनागरी पासफ्रेज तांत्रिकदृष्ट्या चालतो, तरी ठेवू नका. ल्यूक्सला अक्षरं कळत नाहीत, फक्त बाइट कळतात, आणि आपल्या लिपीत सारखाच दिसणारा शब्द वेगवेगळ्या बाइटांनी लिहिता येतो. 'दुसऱ्या' मधला अर्धा र एक कीबोर्ड 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरून काढतो, दुसरा साध्या 'र'पुढे न दिसणारा जोडवर्ण टाकून काढतो. पडद्यावर दोन्ही सारखेच, ल्यूक्सच्या लेखी दोन वेगळे पासफ्रेज. त्यात अडचणीच्या वेळी ज्या रेस्क्यू कन्सोलवर बसावं लागतं, तिथे मराठी कीबोर्ड बहुधा नसतोच. मराठी शब्द हवे असतील तर ते रोमन लिपीत लिहा, स्पेलिंग ठरवून.

रीस्टार्टनंतर व्हीएम आपोआप सुरू व्हायला हव्यात. पासफ्रेज कुठे ठेवू?

याचं सर्वांना लागू पडेल असं एकच उत्तर नाही. किल्ली यंत्रातच ठेवली तर यंत्र नेणाऱ्याला किल्लीही मिळते. बाहेर ठेवली तर ती जागा बंद असताना व्हीएम सुरू होत नाहीत. यातली कुठली गैरसोय सोसायची, हे आधी ठरवा.

लिबव्हर्टचा सीक्रेट कायमस्वरूपी ठेवला तर पूर्वापार तो 'इटीसी'खालच्या लिबव्हर्टच्या फोल्डरमध्ये बेस-६४ रूपात साठवला जातो. बेस-६४ म्हणजे एन्क्रिप्शन नव्हे, कुणीही ते उलटं करू शकतो. त्या फोल्डरचा बॅकअप इमेजच्याच बॅकअपबरोबर जात असेल, तर ते दाराला कुलूप लावून किल्ली तिथेच अडकवण्यासारखं झालं. बॅकअपमधून तो फोल्डर वगळा. शक्य असेल तिथे सीक्रेट 'एफेमरल' ठेवा, म्हणजे तो डिस्कवर लिहिलाच जात नाही आणि होस्ट सुरू झाल्यावर तुमची व्यवस्था तो बाहेरून आणून भरते. सीक्रेट 'प्रायव्हेट' केला की लिबव्हर्ट त्याचं मूल्य कुणाला परत वाचू देत नाही. हे दोन वेगळे पर्याय आहेत आणि दोन्ही लावता येतात.

बाहेरून आणायचं म्हणजे कुठून? मोठ्या व्यवस्थेत किल्ल्यांचा वेगळा सर्व्हर असतो. ओपनस्टॅक या क्लाउड सॉफ्टवेअरमध्ये सिंडर या स्टोरेज सेवेच्या एन्क्रिप्टेड व्हॉल्यूमच्या किल्ल्या बार्बिकन ही सेवा सांभाळते. लहान व्यवस्थेसाठी होस्टच्या डिस्कवर 'क्लेव्हिस' (डिस्क आपोआप उघडणारं साधन) आणि नेटवर्कवर 'टँग' सर्व्हर ही जोडी मला फार आवडते. टँग किल्ली स्वतःजवळ ठेवत नाही. तो उपलब्ध असला तरच होस्ट आपली किल्ली पुन्हा घडवू शकतो. यंत्र उचलून बाहेर नेलं की टँग दिसत नाही आणि डिस्क उघडत नाही. होस्टची डिस्क अशी बांधली की तिच्यावरचे इमेजचे सीक्रेटही बऱ्यापैकी सांभाळले जातात.

पासफ्रेज फुटल्याचा संशय आहे. नवा दिला की झालं?

ज्याला पासफ्रेज कळला त्याच्या हाती इमेजची किंवा हेडरची प्रत कधीच लागली नसेल, तर झालं. क्यूएमू ५.१ पासून, म्हणजे २०२० पासून, 'क्यूएमू-आयएमजी'च्या 'अमेंड' कमांडने नवा स्लॉट भरता येतो आणि जुना पुसता येतो. आधी नवा भरा, तो चालतो हे पाहा, मगच जुना पुसा.

पण जुन्या बॅकअपमध्ये जुनं हेडर आहे, आणि ते जुन्या पासफ्रेजने आजही उघडतं. त्यातून निघणारी मुख्य किल्ली आजच्या इमेजलाही लागू पडते, कारण स्लॉट बदलल्याने मुख्य किल्ली बदललेली नाही. इतका संशय असेल तर नव्या इमेजमध्ये पुन्हा 'कन्व्हर्ट' करण्यावाचून गत्यंतर नाही.

स्नॅपशॉट आणि सस्पेंडचं काय? त्यांतून डेटा गळतो का?

गळतो, आणि बहुतेकांच्या हे ध्यानातच येत नाही. लिबव्हर्टमध्ये व्हीएम 'सेव्ह' केली की गेस्टची अख्खी मेमरी होस्टवर एका वेगळ्या फाइलमध्ये लिहिली जाते. ती डिस्क इमेजच्या एन्क्रिप्शनमध्ये येत नाही. त्या मेमरीत उघडे दस्तऐवज, सेशनचे टोकन, डेटाबेसची पानं असतात, आणि गेस्टच्या आत वेगळं डिस्क एन्क्रिप्शन असेल तर त्याची किल्लीही. होस्ट बंद होताना व्हीएम आपोआप 'सेव्ह' करण्याची सेटिंग अनेक ठिकाणी असते. ती बदलून व्हीएम रीतसर बंद होऊ द्या.

होस्टचा स्वॅप (मेमरीला जोड म्हणून डिस्कवर ठेवलेली जागा) ही दुसरी वाट. मेमरी कमी पडली की क्यूएमूच्या प्रोसेसची पानं स्वॅपमध्ये उतरतात, त्यात गेस्टची मेमरी आली आणि ल्यूक्सची मुख्य किल्लीही आली. स्वॅपला प्रत्येक बूटला नवी यादृच्छिक किल्ली द्या, लिनक्सवर हे 'क्रिप्टटॅब'मधल्या एका ओळीचं काम आहे. क्रॅश झाल्यावर निघणारे कोअर डंपही (प्रोसेसच्या मेमरीच्या प्रती) तपासा. चालू व्हीएम एका होस्टवरून दुसरीकडे हलवताना मेमरी नेटवर्कवरून जाते, तेव्हा तिथे टीएलएस, म्हणजे नेटवर्कवरचं एन्क्रिप्शन, चालू असलं पाहिजे.

वेग किती कमी होईल?

२०१० नंतरच्या बहुतेक सर्व्हर प्रोसेसरमध्ये एईएससाठी खास सूचना असतात, त्यामुळे नेहमीच्या वापरात फरक फारसा जाणवत नाही. वेगवान एनव्हीएमई डिस्कवर मात्र जाणवतो. क्यूएमूचं ल्यूक्स क्यूएमूच्या प्रोसेसमध्येच चालतं, तर कर्नेलचं 'डीएम-क्रिप्ट' काम अनेक कोअरवर वाटून घेतं. जड डेटाबेस असेल तर एलव्हीएमच्या (लिनक्सच्या डिस्क-विभागणीच्या) व्हॉल्यूमवर डीएम-क्रिप्ट लावून तो व्हीएमला देणं जास्त वेगवान ठरू शकतं, पण मग इमेज फाइलबरोबर एन्क्रिप्शन जाण्याचा फायदा जातो. 'क्रिप्टसेटअप बेंचमार्क' चालवून कर्नेलचा कच्चा वेग कळतो. खरा निर्णय आपल्याच कामाचा भार टाकून मोजल्यावर घ्या.

एन्क्रिप्शननंतर बॅकअपचा आकार एकदम वाढला. का?

एन्क्रिप्टेड बाइट यादृच्छिक दिसतात. ते दाबले जात नाहीत आणि दोन इमेजमध्ये सारखे तुकडेही सापडत नाहीत. क्यूकाऊ-२ मध्ये कॉम्प्रेशन आणि एन्क्रिप्शन एकत्र चालत नाहीत. गेस्टच्या आतून बॅकअप घेऊन आधी दाबायचा आणि मग एन्क्रिप्ट करायचा, हा मार्ग आकारासाठी बरा.

डिस्कार्ड (गेस्टमध्ये रिकामी झालेली जागा होस्टला परत देणं) चालू ठेवू का?

ठेवा. त्यामुळे इमेजचा कुठला भाग रिकामा आहे हे बाहेरच्याला कळतं, पण क्यूकाऊ-२ मध्ये क्लस्टरचे तक्ते तसेही एन्क्रिप्ट होत नाहीत, म्हणून किती जागा वापरात आहे ते आधीच दिसत असतं. एवढंही कळता कामा नये अशी गरज असेल तर क्यूकाऊ-२ सोडून पूर्ण भरलेली रॉ ल्यूक्स इमेज घ्या.

हेडर बिघडलं तर?

डेटा गेला. पासफ्रेज माहीत असून काही उपयोग नाही, कारण मुख्य किल्ली फक्त तिथेच होती. रॉ ल्यूक्स इमेजमध्ये हेडर सुरुवातीच्या सुमारे दोन एमबीत असतं. त्याचा बॅकअप 'क्रिप्टसेटअप'ने घेता येतो. तो इमेजपासून वेगळा, किल्लीइतक्याच काळजीने ठेवा. क्यूकाऊ-२ मध्ये हेडर फाइलच्या आत असल्यामुळे अख्ख्या इमेजचा बॅकअप हाच आधार.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये काय करावं?

५.० आवृत्तीपासून, २०१५ पासून, एईएस-एक्सटीएसचं डिस्क एन्क्रिप्शन आहे. त्यासाठी एक्स्टेन्शन पॅक लागतो. १२८ आणि २५६ यांपैकी २५६ निवडा. २०२२ च्या ७.० आवृत्तीत अख्खं व्हीएम एन्क्रिप्ट करायची सोय आली, त्यात सेटिंग, लॉग आणि सेव्ह केलेली स्थितीही झाकली जाते. वरचा सस्पेंडचा मुद्दा वाचलात तर तिचं मोल कळेल.

एक सापळा इथे आहे. ओव्हीए फाइल म्हणून व्हीएम एक्सपोर्ट केली की डिस्क डिक्रिप्ट होऊन बाहेर पडते, कारण त्या फॉरमॅटमध्ये या एन्क्रिप्शनची सोयच नाही. एक्सपोर्ट केलेली फाइल कुणाला पाठवण्याआधी ती वेगळी एन्क्रिप्ट करा.

आणि व्हीएमवेअरमध्ये?

व्हीस्फिअर ६.५ पासून, २०१६ पासून, व्हीएम एन्क्रिप्शन आहे. डेटाची किल्ली ईएसएक्सआय होस्ट (व्हीएमवेअरचं व्हीएम चालवणारं यंत्र) बनवतो, आणि ती झाकणारी किल्ली बाहेरच्या किल्ली-सर्व्हरकडून येते. २०२१ मध्ये ७.० अपडेट २ बरोबर 'नेटिव्ह की प्रोव्हायडर' आला, त्यामुळे लहान व्यवस्थांना वेगळा किल्ली-सर्व्हर लागत नाही. त्याचा बॅकअप घेतल्याशिवाय तो वापरता येत नाही. ही अट त्रासदायक वाटली तरी ती तुमच्याच भल्यासाठी आहे. बॅकअपची ती फाइल आणि तिचा पासवर्ड व्हीसेंटरबाहेर (व्हीएमवेअरच्या नियंत्रण सर्व्हरबाहेर) ठेवा. किल्ल्या ज्या व्हीएममध्ये अडकल्या, तीच व्हीएम उघडायला त्या किल्ल्या लागल्या तर पुढे रस्ता नाही.

होस्टच्या ॲडमिनपासूनच डेटा लपवायचा असेल तर?

इमेजच्या एन्क्रिप्शनने ते होत नाही. व्हीएम चालू असताना किल्ली आणि गेस्टची मेमरी दोन्ही होस्टच्या मेमरीत असतात, आणि रूट वापरकर्ता ती मेमरी एका कमांडने फाइलमध्ये उतरवू शकतो. गेस्टच्या आत ल्यूक्स किंवा बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) लावलं तर स्टोरेज आणि बॅकअप सांभाळणाऱ्यांपासून संरक्षण मिळतं, मेमरीचं गणित तेच राहतं. त्यासाठी एएमडीचं एसईव्ही-एसएनपी किंवा इंटेलचं टीडीएक्स लागतं, जिथे प्रोसेसरच गेस्टची मेमरी एन्क्रिप्ट करतो. तिथेही डिस्कची किल्ली गेस्टच्या आतच हवी, आणि गेस्ट खरोखर अपेक्षित स्थितीत सुरू झाला याची खात्री पटल्यावरच ती बाहेरून दिली गेली पाहिजे.

सगळं झालं. खरंच एन्क्रिप्ट झालं आहे का, हे कसं तपासू?

पहिल्यांदा 'क्यूएमू-आयएमजी'च्या 'इन्फो' कमांडने इमेजची माहिती काढा. फॉरमॅट ल्यूक्स, सायफर एईएस-२५६, मोड एक्सटीएस असं दिसायला हवं. तिथे नुसतं एईएस लिहिलेलं असेल तर ती जुनीच पद्धत आहे.

मग प्रत्यक्ष शोध घ्या. गेस्टमध्ये एक फाइल बनवा, तिच्यात दुसरीकडे कुठेही सापडणार नाही असं एक लांबलचक यादृच्छिक वाक्य बरेच वेळा लिहा आणि डिस्कवर 'सिंक' करा. होस्टवर इमेज फाइलमध्ये ते वाक्य 'ग्रेप'ने शोधा. सापडता कामा नये. तेवढ्यावर थांबू नका. गेस्टमध्ये ती फाइल उघडी ठेवून व्हीएम 'सेव्ह' करा आणि सेव्ह केलेल्या फाइलीत शोधा. होस्टच्या स्वॅपमध्ये, कोअर डंपच्या फोल्डरमध्ये आणि रात्रीचा बॅकअप झाल्यावर त्यातही शोधा. जिथे सापडेल ती जागा बंद करा आणि तोच शोध पुन्हा घ्या.